चौथी खाच

“कापड फाटलेलं न्हाय मॅडम, फूल फाटलंय.”

चिंधूने टेबलावर तागा उलगडला आणि तो बाजूला झाला. उपनिरीक्षक सुकन्या भोईर वाकून पाहू लागली. पडद्याचं जाड कापड होतं, एका ओळीत कर्दळीची फुलं विणलेलं. पहिलं फूल धड होतं. दुसऱ्याचा माथा कुणी सुरीने कापून दोन बोटं डावीकडे सरकवावा तसा सरकला होता. तिसऱ्याला देठच नव्हता. चौथं फूल आहे की डाग, तेही कळत नव्हतं.

“असं किती निघालं?”

“काल सोमवारी सकाळपासून बाराही लूमवर हेच. लूमची दुरुस्ती माझ्याकडं हाय. आधी वाटलं जॅकार्ड बिघडला. खोलला, पाहिला. जॅकार्ड बिचारा सांगितलं तेच करतोय. सांगणाराच येडा झालाय.”

जॅकार्ड म्हणजे लूमवर नक्षी उठवणारं यंत्र. त्याला सांगणारा म्हणजे सर्व्हर. मजीदशेठच्या कारखान्यातली सगळी डिझाइनं वरच्या मजल्यावर एका लोखंडी पेटीत साठवलेली असत. तिथून ती तारेने खाली लूमपर्यंत येत. बावीस वर्षांत काढलेली तीनशे अकरा डिझाइनं. त्यातलं एकही आता धड नव्हतं.

“मला दुसरं काही नको,” मजीदशेठ म्हणाले. सत्तरीचा माणूस, पांढरी दाढी, पण आवाजाने खोली हलत होती. “ती मेहरीन आत पाहिजे. गुरुवारी तिने पेटी उघडली, मेमरी बसवली, आणि आमचा सत्यानाश झाला. डिझाइनं कॉपी करून कुणाला तरी विकली असणार आणि इथली मुद्दाम बिघडवली. धामणकर नाक्यावर सगळ्यांना सांगून ठेवलंय मी, तिला कुणी काम द्यायचं नाही. दुकान बंद पाडल्याशिवाय पाणी गोड लागणार नाही मला.”

“गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच?”

“सिद्ध तुम्ही करा. संध्याकाळपर्यंत करा. नाहीतर मी तुमच्या साहेबांकडे बसतो.”

साहेबांनीही सुकन्याला तेच सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत चौकशी पुरी कर, तक्रारीत तथ्य दिसलं तर मुलीला ताब्यात घे.

मेहरीन खाली गेटपाशी उभी होती. सव्वीस वर्षांची मुलगी, खांद्याला अवजारांची पिशवी. तिच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाच्या शटरवर सकाळी कुणीतरी काळ्या रंगाने ‘चोर’ लिहून गेलं होतं. ती रडली नव्हती. ओठ घट्ट मिटून होते.

“मॅडम, मला दया नको,” ती म्हणाली. “ज्याने हे केलं तो मला समोर पाहिजे.”

“आधी मला शिकव,” सुकन्या म्हणाली. “कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही. मेमरी म्हणजे काय?”

मेहरीनने क्षणभर विचार केला. “तुम्ही भिवंडीच्याच ना?”

“टेमघरची.”

“मग गोडाऊन डोळ्यांसमोर आणा. माल आत रचून ठेवलेला असतो, ती झाली डिस्क. पण माल आत जाताना आणि बाहेर येताना आधी धक्क्यावर उतरतो. तो धक्का म्हणजे मेमरी. धक्का लहान असला तर ट्रक खोळंबतात. म्हणून मी दोन नव्या पट्ट्या बसवून धक्का मोठा केला.”

“आणि धक्काच खराब असला तर?”

“तर त्याच्यावरून गेलेला प्रत्येक नग थोडा थोडा फुटतो. वाईट हे, की खराब मेमरी ओरडत नाही. फुटलेला माल गुपचूप आत रचून ठेवते. चूक पकडणारी महागाची मेमरी मी सुचवली होती. शेठच्या पुतण्याने, राहिलभाईंनी, साधी घ्यायला लावली.”

“पण गोडाऊनमधला सगळाच माल धक्क्यावर कशाला येईल?”

“आला ना. राहिलभाईंना सगळी जुनी डिझाइनं नव्या लूमच्या भाषेत बदलून हवी होती. त्यासाठीच तर मेमरी वाढवली. शनिवारी त्यांनी काम सुरू केलं. एकेक डिझाइन बाहेर काढायचं, बदलायचं, जुन्याच्या जागी ठेवायचं. रविवारी संध्याकाळी संपलं. रात्री त्याचीच आपोआप दुसऱ्या डिस्कवर नक्कल झाली. जुनी चांगली नक्कल पुसली गेली.”

“तू बसवलेली पट्टी खराब होती?”

“नाही. बसवल्यावर तीन तास तपासली होती.”

सुकन्या तिला घेऊन वर गेली. खोलीबाहेर चपला काढायच्या, मग काचेचे दोन दरवाजे. आत गारवा, लूमची खडखड दुरून आल्यासारखी. भिंतीवर चकचकीत कॅटलॉगचं मुखपृष्ठ चौकटीत लावलेलं: कर्दळीची फुलं, खाली ‘रचना : राहिल’. शेजारचे लाकडी रॅक रिकामे होते.

“इथे काय असायचं?”

“हाताने काढलेले ग्राफ,” मागून कुणीतरी म्हणालं. “चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून डिझाइन काढायचे, ते. स्कॅन झाले, मग भंगारात गेले.”

बोलणारा धनेश होता, कारखान्याचा डिझाइन मास्तर. वय पन्नाशीकडे झुकलेलं, आवाज मऊ. उजव्या हाताचं मधलं बोट पेन्सिल धरून धरून वाकडं झालेलं.

दोन पंचांसमोर मेहरीनने पेटी उघडली. आत चार खाचा, चारांत चार पट्ट्या. पेटी आतून लख्ख होती.

“गुरुवारी मी ब्लोअर मारला होता,” मेहरीन म्हणाली. “हा फोटो. नव्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.” तिने मोबाइल पुढे केला, पेटीत पाहिलं आणि बोट चौथ्या खाचेवर ठेवलं. “चौथीतली माझी नाही! माझ्या पट्टीवर पांढरं लेबल होतं. हिचं लेबल खरवडलंय.”

“फोटो काढून झाल्यावर तूच बदलली असशील,” दारातून मजीदशेठ कडाडले. “वा रे वा! स्वतःचाच फोटो, स्वतःचाच पुरावा!”

“शेठ, दोन मिनिटं,” सुकन्या म्हणाली. “मेहरीन, ती चौथी काढ. हळू.”

पट्टी सुटली. सुकन्याने टॉर्च धरला. खाचेच्या तळाशी काहीतरी होतं. तिने चिमट्याने उचलून पांढऱ्या कागदावर ठेवलं. नखाएवढा सुताच्या तंतूंचा पुंजका. वरून दाब बसून चपटा झालेला. लालभडक.

बाकीच्या खाचा तिने एकेक करून पाहिल्या. स्वच्छ.

सुकन्याची आई, गुणाबाई, बारा वर्षं लूमवर सुताच्या कांड्या भरायला जात होती. संध्याकाळी ती दारात आली की आधी तिचे केस दिसत. कधी पिवळे, कधी निळे. आज कुठलं सूत चढलंय ते पोरांना विचारावं लागत नसे. सुकन्याने कागदाची पुडी बांधली आणि कुणाला काही बोलली नाही.

“मेहरीन, अशी खराब पट्टी तू या कारखान्यात कधी पाहिली होतीस?”

“एकदा. आठ महिन्यांपूर्वी धनेशदादांचा कॉम्प्युटर अडकायचा. त्यातली पट्टी खराब निघाली. पाकिटात घालून वर ‘खराब’ लिहिलं आणि या खणात ठेवली. राहिलभाई आणि दादा, दोघांनाही सांगितलं होतं, ही चुकून कशात लावू नका, डिझाइन फाडेल.”

सुकन्याने खण ओढला. वायरी होत्या, पेनं होती. पाकीट नव्हतं.

पहिल्यांदा राहिल बसला. मजीदशेठचा पुतण्या, इस्त्रीचा पांढरा शर्ट, घड्याळाकडे सारखं लक्ष.

“या खोलीच्या किल्ल्या कुणाकडे?”

“दोनच आहेत. एक माझ्याकडे, एक धनेशकडे.”

“शुक्रवारी?”

“कारखान्याला सुट्टी. गेटला कुलूप, किल्ली चाचांच्या घरी.”

“शनिवारी?”

“नऊला आलो. बाहेरच्या जिन्याने थेट वर. अकराला काम सुरू केलं.”

“खाली लूमवर गेला होतात?”

“मी खाली जातच नाही. सुताने दम लागतो. चाचांना विचारा, सहा महिन्यांत पाय ठेवलेला नाही.”

“म्हणजे दोन तास इथे एकटे. सर्व्हर कधी बंद झाला, कधी सुरू झाला, त्याची नोंद असते म्हणे. मेहरीन म्हणते ती पुसलेली आहे.”

राहिलचा चेहरा उतरला. “मीच पुसली. जागा कमी पडत होती. मॅडम, माझ्याच डिझाइनांचं वाटोळं मी कशाला करीन?”

“तुमच्याच?”

त्याने पुन्हा घड्याळ पाहिलं.

मग धनेश आला. हात मांडीवर ठेवून सरळ बसला.

“शनिवारी सकाळी कुठे होतात?”

“खाली. सातला लाल बीम चढवला ना. ताण्याचं सूत गुंडाळलेला तो मोठा रूळ. रंग बघायला मला बोलावतात. मी तिथून हललो नाही. दहाला शेठ आले, सुतावर बोट चोळलं, बोट लाल झालं. कच्चा रंग. लगेच उतरवायला लावला. उतरवतानाही माझा हात होता. चिंधूला विचारा.”

“वर कधी आलात?”

“अकराला, राहिलशेठनी बटण दाबलं तेव्हा. पेटीला तर मी आजवर बोट लावलेलं नाही. आपलं काम चित्राचं, मॅडम.”

चिंधूला तिने खाली लूमपाशीच गाठलं. खडखडाटात तो तिच्या कानाशी ओरडत होता.

“व्हते की मास्तर बीमापाशी! मधी आठच्या सुमाराला चहाला गेलं, पंधरा-वीस मिनटं. बाकी हितंच.”

“तू?”

“माझं जेवन पन हितंच असतंय, मॅडम.”

“गुरुवारी कुठलं सूत होतं?”

“पांढरं. आता हाय तेच.”

“लाल परत कधी चढलं? या महिन्यात, गेल्या महिन्यात?”

“न्हाय वो. वरीसभरात ते तीन तासच. सात ते दहा. मग शेठनी त्या बीमाचं तोंड बघितलं न्हाय.”

चार वाजता सुकन्याने सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. मजीदशेठ खुर्चीत, राहिल खिडकीपाशी, धनेश रिकाम्या रॅकला टेकून. मेहरीन दाराशी उभीच राहिली. पंच आणि एक शिपाई बाजूला. चिंधू उंबऱ्याबाहेर, कारण त्याच्या अंगावर सूत होतं.

“शेठ, तुम्ही सगळे एकच धरून चालला होतात,” सुकन्या म्हणाली. “पेटी गुरुवारी उघडली, म्हणून बिघाड गुरुवारचा. मी आधी स्वतःला हेच विचारलं, की पेटी शेवटची कधी उघडली?”

तिने पुडी उघडून टेबलावर ठेवली.

“हा पुंजका चौथ्या खाचेच्या तळाशी होता, पट्टीच्या खाली दाबलेला. म्हणजे पट्टी बसवण्याआधी तो खाचेत पडला. गुरुवारी लूमवर पांढरं सूत होतं. शुक्रवारी सुट्टी. लाल सूत वर्षभरात एकदाच चढलं, शनिवारी सात ते दहा. म्हणजे चौथी पट्टी शनिवारी सकाळी बदलली. मेहरीन शनिवारी कारखान्यात आलेली नाही. गेटचं रजिस्टर मी पाहिलं.”

मेहरीनने डोळे मिटले आणि उघडले.

“तंतू हवेने उडत आला असेल,” राहिल म्हणाला.

“दोन दरवाजे ओलांडून? आणि आला तर फक्त चौथ्या खाचेत? बाकी पेटीत लाल ठिपकाही नाही. तो उडत आलेला नाही. कुणाच्या तरी बाहीवरून, बोटांवरून आला. आता दोनच प्रश्न उरतात. या खोलीत कोण येऊ शकत होतं? किल्ली असलेले दोघे, राहिल आणि धनेश. लाल सुताला कुणाचं अंग लागलं होतं? बीमापाशी होते ते दोघे, चिंधू आणि धनेश.”

लूमची खडखड काचेतून ऐकू येत होती.

“चिंधूकडे किल्ली नाही. राहिलने सहा महिन्यांत खाली पाय ठेवलेला नाही, शेठ, तुम्हीही तेच सांगितलंत. मला आधी राहिलवर संशय होता. एकटा होता, नोंदीही त्याने पुसल्या. पण लाल सूत त्याच्या जवळपासही आलं नव्हतं. मास्तर, बीमापासून हललो नाही, हे तुम्ही मला ठासून सांगितलंत. सुटकेसाठी सांगितलंत, पण त्यानेच लाल सूत तुमच्या अंगावर आहे हे पक्कं झालं. आठ वाजता तुम्ही चहाला गेला नाहीत. वर आलात, पेटी बंद केली, खणातली खराब पट्टी चौथ्या खाचेत बसवली, पेटी सुरू करून खाली गेलात.”

धनेशने नाकारलं नाही. त्याने खिशातून एक चौघडी कागद काढून टेबलावर उलगडला. चौकटीचा कागद, त्यावर रंगवलेलं अर्धं कर्दळीचं फूल, आणि त्या फुलावर पसरलेला तेलाचा डाग.

“राहिलशेठनी माझे ग्राफ भंगारवाल्याला दिले, ते मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. आवाज अजून मऊच होता. “चौथ्या दिवशी धामणकर नाक्यावर भजी घेतली. भजीवाल्याने याच्यात बांधून दिली. भजी टाकली, कागद ठेवला. त्याच आठवड्यात कॅटलॉग आलं. रचना राहिल. याला साधा गुलाब काढता येत नाही, मॅडम! बावीस वर्षं मी चौकोन रंगवले. मग ठरवलं, माझं नाव नाही तर फूलही नाही. फुलं एकदम मारायची नव्हती मला. यांच्याच लूमवर, यांच्या डोळ्यांदेखत फाटलेली पाहायची होती. काल पाहिली.”

“दादा,” मेहरीन म्हणाली. “मीच का?”

तो पहिल्यांदाच अडखळला. “पेटी तू उघडली होतीस. कुणावर तरी जायलाच हवं होतं. तू हुशार आहेस, कुठेही पुन्हा उभी राहशील असं…”

“पट्टी डिझाइन फाडते हे तुम्हाला मीच शिकवलं. आणि तुम्ही तीच माझ्या गळ्यात बांधलीत. राहिलभाईंनी तुमचं नाव पुसलं, तुम्ही माझं. फरक सांगा मला.”

धनेश तेलकट कागदाची घडी घालू लागला.

“आत टाका याला!” मजीदशेठ उठले. सकाळचाच राग, सकाळचाच आवाज, फक्त बोट दुसरीकडे वळलं होतं. “सडू दे याला!”

“टाकते,” सुकन्या म्हणाली. “आधी फोन काढा, शेठ. स्पीकरवर. नाक्यावर ज्यांना ज्यांना मेहरीनबद्दल सांगितलंत, त्यांना सांगा की ती निर्दोष आहे. मी इथेच उभी आहे.”

सात फोन झाले. प्रत्येक फोनला शेठचा आवाज थोडा खाली गेला. सातव्यानंतर ते खुर्चीत कोसळल्यासारखे बसले.

“झालं. पण डिझाइनं तर गेली. बावीस वर्षांची.”

“तीनशे चार आहेत,” मेहरीन म्हणाली.

तिने पिशवीच्या आतल्या कप्प्यातून छोटी डिस्क काढली. “आठ महिन्यांपूर्वी दादांचा कॉम्प्युटर दुरुस्त करताना आधी सगळ्याची कॉपी घेतली होती. कुठल्याही कामाआधी मी घेते. त्यानंतरची सात तेवढी नाहीत.”

“अगं मग कालच का नाही बोललीस?”

“काल बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असतात, चाचा? चोराच्या पिशवीत माल सापडला.”

मजीदशेठनी हात पुढे केला. मेहरीनने तो पाहिला आणि डिस्क सुकन्याच्या हातात दिली. “पुरावा आहे ना, मॅडम? जप्त करा. चाचा कोर्टात अर्ज करतील.”

“कोर्टात? अगं सीझन आहे!”

“माझाही होता.”

सुकन्याने पंचनाम्याचा कागद पुढे ओढला.

“मॅडम,” मेहरीन शांतपणे म्हणाली, “पंचनाम्यात प्रत्येक फायलीची वेगळी नोंद होईल का? फायलीत तारीख आहे, काढणाऱ्याचं नावही आहे. आणि तयार झाला की तो सगळ्यांसमोर वाचतात ना?”

“वाचतात,” सुकन्या म्हणाली. तिला मुलीच्या मनातलं कळलं. “शेठ, रचनाकार म्हणून काय लिहू?”

“कंपनीचं नाव लिहा,” राहिल घाईने म्हणाला.

“माणसाचं नाव विचारलं.”

मजीदशेठनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. “धनेश.”

“पूर्ण नाव?”

शेठनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. बावीस वर्षांत त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं.

“धनेश नवशा मढवी,” धनेश स्वतःच म्हणाला.

डिस्कमधली यादी, प्रत्येक नोंदीपुढे ते पूर्ण नाव घालून, छापून निघाली. सुकन्याने ती पंचनाम्याला जोडली आणि गठ्ठा राहिलच्या हातात दिला. “वाचा. मोठ्याने. डिझाइनांची नावं तुम्हाला पाठच असतील.”

“मी?”

“तुम्हीच.”

राहिलने कागद डोळ्यांसमोर धरला. “एक. कर्दळ. रचनाकार, धनेश नवशा मढवी.” त्याने घसा खाकरला. “दोन. वेलबुट्टी. रचनाकार, धनेश नवशा मढवी.”

मजीदशेठ खुर्चीच्या हातावर भार देऊन उठू लागले.

“बसा, शेठ,” सुकन्या म्हणाली. “अजून तीनशे दोन आहेत.”